जुन्या पद्मिनीचं इंजिन बसलं, तर तेच बांधून घ्यायचं की दुसरं टाकायचं?

३० ऑक्टोबर २०२३. त्या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी दिसायची बंद झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते. मुदत संपली, टॅक्सी थांबली आणि सोशल मीडियावर फोटो, रील्स आणि आठवणींचा पाऊस पडला.

पण टॅक्सी गेली म्हणजे पद्मिनी संपली असं नाही. कुणाच्या वाड्याच्या पडवीत, कुणाच्या सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आजोबांची किंवा वडिलांची पद्मिनी अजून उभी आहे. मग एखाद्या दिवशी घरातल्या नातवाला हुक्की येते, की चला, गाडी सुरू करूया. बॅटरी नवी टाकली जाते, पेट्रोल भरलं जातं, गाडी दोन गचके देऊन सुरूही होते. पण मागून निळ्या धुराचा लोट निघतो, आतून खडखड ऐकू येते आणि चढाला गाडी दम टाकते.

गॅरेजवाला बोनेट उघडतो, कान लावतो आणि म्हणतो, "इंजिन गेलंय. दुसरं टाकू, दोन दिवसांत गाडी देतो."

इथे बरेच जण मान हलवून मोकळे होतात. दुसरं इंजिन म्हणजे कमी वेळ, कमी कटकट, असा सरळ हिशोब असतो. पण जुन्या गाडीच्या बाबतीत हा हिशोब बऱ्याचदा चुकतो. पैशांच्या बाबतीत चुकतो आणि कागदांच्या बाबतीत तर हमखास चुकतो.

नेमकं कुठे चुकतं, तेच सविस्तर बघूया.

आधी या इंजिनाची कुंडली

प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केली. वालचंद मूळचे सोलापूरचे. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. तिथे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बनायच्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७२ मध्ये तिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हटलं.

गाडीच्या पोटात होतं १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर. हीच मापं फियाटच्या १९३७ च्या ११०० गाडीतही होती. म्हणजे या इंजिनाची मूळ आखणी दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची.

ही माहिती फक्त गंमत म्हणून सांगण्यासारखी नाही, तिचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. त्या काळी इंजिन झिजणार आणि ते उघडून पुन्हा बांधावं लागणार, हे गृहीत धरूनच इंजिन बनवायचे. खालचा ब्लॉक जाड बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं, इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नाही. कार्ब्युरेटर, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळं हाताने उघडता येणारं. आजच्या गाडीच्या इंजिनाला जे लागू होतं, ते सगळंच याला लागू होत नाही.

'इंजिन गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं?

गॅरेजमध्ये 'इंजिन गेलं' हे वाक्य फार ढिलेपणाने वापरलं जातं. पिकअप नसणं, धूर येणं, गाडी बंद पडणं या सगळ्याला एकच औषध सांगितलं जातं. प्रत्यक्षात निम्मी दुखणी इंजिनाच्या बाहेरची असू शकतात. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर तुंबलेला असतो, पॉइंट काळे पडलेले असतात, टायमिंग हललेलं असतं, टॅपेटचं अंतर बिघडलेलं असतं. ही कामं आधी करून घेतली तर 'गेलेलं' इंजिन कधी कधी परत येतं.

त्यानंतर धुराचा रंग बघायचा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, म्हणजे बहुधा कार्ब्युरेटरचं काम. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेड बघायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

निळ्या धुरातही फरक असतो. सकाळी सुरू करताना किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धूर आला तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर जातो. ते काम हेडपुरतं असतं. पण चढाला जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजल्याची शक्यता जास्त.

अंदाज पक्का करायला कॉम्प्रेशन टेस्ट असते. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारायचा आणि आकडे कागदावर लिहून ठेवायचे. समजा, तीन सिलिंडरचा आकडा १३० च्या आसपास आला आणि एकाचाच ९५ आला, तर दुखणं त्या एकाच सिलिंडरचं आहे. मग त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा टेस्ट करायची. आकडा वर गेला तर ऑइलने रिंगेची फट बुजवली, म्हणजे गळती रिंगा-सिलिंडरमधून आहे. आकडा हललाच नाही तर गळती वरून, व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट उडालेलं असू शकतं.

ही टेस्ट अर्ध्या तासाची आहे. ती न करता कुणी 'दुसरं इंजिन टाका' म्हणत असेल तर ते निदान नाही, तो फक्त अंदाज आहे.

उघडल्याशिवाय निर्णय नाही

टेस्टमध्ये इंजिनाचंच दुखणं निघालं, तर पुढची पायरी म्हणजे इंजिन उतरवून उघडणं. हेड निघाल्यावर आणि क्रँक बाहेर आल्यावर मोजमाप करायचं. खरा निर्णय इथे होतो.

पहिलं मोजमाप सिलिंडरचं. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत पोचते, तिथे उष्णता सर्वात जास्त आणि ऑइल सर्वात कमी, म्हणून झीज तिथे जास्त होते. शिवाय पिस्टन बाजूला दाब देत असल्याने गोल सिलिंडर हळूहळू अंडाकृती होतो. ही झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. त्यासाठी बोअर गेज लागतो, बोट फिरवून ते कळत नाही.

झीज थोडी असेल तर हॉनिंग करून नव्या रिंगा टाकतात. जास्त असेल तर लेथवाल्याकडे सिलिंडर पुढच्या मापाला बोअर करतात आणि त्या मापाचे मोठे पिस्टन टाकतात. यालाच रीबोअर म्हणतात. ही मापं ठरलेल्या पायऱ्यांनी वाढतात. प्रत्येक पायरीला सिलिंडरची भिंत थोडी पातळ होते, त्यामुळे बोअर किती वेळा करता येईल याला मर्यादा असते. आधीच दोनदा-तीनदा बोअर झालेलं इंजिन असेल तर ही मर्यादा गाठलेली असू शकते.

मर्यादा गाठली म्हणजे ब्लॉक भंगारात, असं अनेकांना वाटतं. पण तेव्हाही रस्ता असतो. सिलिंडर आणखी मोठा करून त्यात बिडाचा नवा लायनर, म्हणजे नळीसारखी नवी भिंत दाबून बसवतात आणि ती पुन्हा मूळ ६८ मिलिमीटरला बोअर करतात. ब्लॉक जुनाच, सिलिंडर नवे. नुसता बोअर झिजला म्हणून ब्लॉक फेकायची वेळ सहसा येत नाही.

दुसरं मोजमाप क्रँकचं. क्रँकचे गोल भाग झिजले असतील तर ते ग्राइंड करून जाड बेअरिंग टाकतात. त्यालाही ठरलेल्या पायऱ्या आणि शेवटची मर्यादा असते. क्रँकला तडा असेल तर मात्र तो बदलावाच लागतो.

तिसरं हेड. ॲल्युमिनियमचं हेड इंजिन तापल्यावर वाकतं. रेडिएटर कोरडा असताना गाडी रेटली गेली असेल तर हे जवळपास ठरलेलंच. सरळ पट्टी ठेवून फट मोजायची, वाक थोडा असेल तर फेसिंग करून पृष्ठभाग सपाट होतो. पाण्याच्या वाटा ॲल्युमिनियम कुजून मोठ्या झाल्या असतील किंवा व्हॉल्व्ह सीटजवळ तडा असेल तर दुसरं हेड शोधायचं.

आता खरी वाईट बातमी कोणती? कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आलाय. क्रँक जिथे बसतो त्या मेन बेअरिंगच्या जागेला तडा गेलाय. किंवा ब्लॉक आतून इतका गंजलाय की भिंत उरलेली नाही. अशा वेळी दुरुस्ती जवळपास अशक्य होते किंवा तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणजे प्रश्न 'इंजिन गेलं का' असा नाहीच. प्रश्न 'ब्लॉक वाचतोय का' असा आहे.

ब्लॉकलाच एवढं महत्त्व का?

कारण इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो.

पिस्टन बदलले, क्रँक बदलला, हेड दुसऱ्या गाडीचं आणलं, तरी आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळतो. कायद्याच्या नजरेत ती दुरुस्ती असते. पण ब्लॉक बदलला की नंबर बदलतो आणि तिथून पुढे आरटीओचा विषय सुरू होतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने मूळ ठरवलेले आणि आरसीवर नोंदवलेले तपशील बदलतील असा फेरफार मालकाला गाडीत करता येत नाही. इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यामुळे गॅरेजला जाण्याच्याही आधी एक काम करायचं. आरसी हातात घ्यायची, टॉर्च घ्यायचा, ब्लॉकवरची काजळी पुसायची आणि नंबर जुळतो का बघायचं. इतक्या वर्षांत गाडीचं इंजिन आधीच कधीतरी बदललेलं असू शकतं आणि घरात कुणाला त्याची कल्पनाही नसते. नंबर जुळत नसेल तर पैसे घालण्याआधी आरटीओमध्ये तो गुंता सोडवायचा. नाहीतर इंजिनावर खर्च होतो, गाडी चकाचक होते आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला नेल्यावर अडकते.

पन्नाशीचा मुद्दा

पद्मिनी या नावाने गाडी आली १९७४ मध्ये. म्हणजे पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. हा आकडा महत्त्वाचा आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, ती १० वर्षं चालते आणि पुढच्या नोंदणीला पाच हजार. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

पण अट आहे. गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करून तिचा मोठा कायापालट केलेला नसावा. गाडी या व्याख्येत बसते का, हे राज्यस्तरीय समिती तपासून ठरवते.

म्हणजे आज १९७५ च्या पद्मिनीत कुणी सोयीचं म्हणून भलतंच इंजिन टाकलं तर तो तिची विंटेज होण्याची वाट स्वतःच्या हाताने बंद करतोय. मूळ इंजिन मूळ मापाला बांधून घेतलं असेल तर मालकाची बाजू भक्कम राहते. म्हणून काम करताना फोटो काढून ठेवायचे, लेथवाल्याची आणि सुट्या भागांची बिलं जपायची. उद्या कुणी विचारलं, की इंजिनात काय केलं, तर उत्तर कागदावर पाहिजे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. विंटेज नोंदणी झालेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही आणि धंद्यालाही लावता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर काढायची. हा पर्याय सक्तीचा नाही. नेहमीची नोंदणी नूतनीकरण करून गाडी चालवता येते. पण पुढे वाट मोकळी ठेवायची की नाही, हे इंजिनाच्या निर्णयावर ठरतं.

दुसरं इंजिन टाकायचंच तर कोणतं?

ब्लॉक खरंच वाचत नसेल तर तीन रस्ते उरतात.

पहिला, दुसऱ्या पद्मिनीचं तेच इंजिन. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ, अशा ठिकाणी जुन्या गाड्यांचे भाग शोधत लोक फिरतात. तिथे इंजिन मिळू शकतं. पण यात दोन खाचा आहेत. एक, ते इंजिन कुठून आलं याचा कागद पाहिजे. ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा आणि विक्रेत्याचं बिल नसेल तर आरटीओत नोंद करताना अडचण येते. चोरीच्या गाडीचं निघालं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. दोन, ते इंजिनही तेवढंच जुनं असतं. विकणारा 'एकदम ओके आहे' म्हणतो, पण ते किती चाललंय, किती वेळा बोअर झालंय, कुणालाच माहीत नसतं. न उघडता बसवलं तर जुगार आणि उघडलं तर पुन्हा तोच बोअर, त्याच रिंगा, तेच बेअरिंग. म्हणजे इंजिनाचे पैसे वेगळे आणि बांधायचे वेगळे. 'बदलणं स्वस्त' हा हिशोब इथेच फसतो.

म्हणून वापरलेलं इंजिन घेताना आधी कॉम्प्रेशन बघायचं, शक्य असेल तर सुरू करून ऑइल प्रेशर बघायचं, क्रँक हाताने फिरतो का तपासायचं. आणि आपला जुना ब्लॉक भंगारात द्यायचा नाही. कोपऱ्यात पडला तरी चालेल. पुढे कधी तो दुरुस्त करणारा भेटला तर गाडीचा मूळ नंबर हातात असलेला बरा.

दुसरा रस्ता, वेगळ्याच गाडीचं इंजिन. प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं, ते अनेकांना खुणावतं. काहींना मारुतीचं इंजिन टाकायची इच्छा होते. इथे तांत्रिक अडचण समजून घ्यायला हवी. पद्मिनीत इंजिन उभ्या दिशेने बसतं आणि लांब शाफ्टने मागची चाकं फिरवतं. मारुती ८०० चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. म्हणजे इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, माउंटिंग, शाफ्ट, रेडिएटर, सायलेन्सर, सगळंच बदलत जातं. जास्त ताकदीचं इंजिन टाकलं तर ब्रेकही विचारात घ्यावे लागतात, कारण पद्मिनीच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असतात. चालणारी ताकद वाढली आणि थांबवणारी तेवढीच राहिली, तर ती गाडी धोकादायक होते. कायद्याच्या अंगानेही हाच रस्ता सर्वात अवघड, कारण इथे कंपनीचा मूळ तपशीलच बदलतो.

तिसरा रस्ता, इलेक्ट्रिक. कायद्याने जुन्या गाडीत इलेक्ट्रिक किट बसवायला जागा ठेवली आहे. त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे आणि किटला पुण्यातल्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेची मान्यता लागते. मान्यता असलेलं किट, अधिकृत बसवणारा आणि आरसीवर नोंद, असं सगळं जुळलं तर गाडी चालती राहते. पण ती गाडी मग पद्मिनीच्या अंगरख्यातली वेगळीच गाडी असते. ते मालकाला चालणार असेल तर प्रश्न नाही, पण हे माहीत असून निवडायला हवं.

बांधायला घेतलं तर आजच्या पेट्रोलचा विचार करूनच

इंजिन मूळ मापाला बांधायचं, पण पेट्रोल मूळ राहिलेलं नाही.

पद्मिनी आली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. शिशाचा एक उपयोग होता, व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये ते एक संरक्षक थर तयार करायचं. तो गेल्यावर जुन्या, मऊ धातूच्या सीट लवकर झिजू शकतात. हेड उघडलेलंच आहे तर सीट तपासून गरज असेल तिथे कडक धातूच्या टाकून घ्याव्यात.

आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या गाडीतले रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केट यासाठी बनलेली नव्हती, ती फुगतात किंवा चिरतात. पेट्रोल गळून गरम इंजिनावर पडलं तर आग लागू शकते. त्यामुळे हे सगळे भाग इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे टाकणं आवश्यक आहे. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या लोखंडी टाकीत त्यामुळे गंज धरतो. आजच्या गाड्यांचा कॉम्प्युटर पेट्रोलप्रमाणे मिश्रण जुळवून घेतो, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. त्याची सेटिंग जाणकाराकडून करून घ्यावी लागते.

इंजिन बांधून झाल्यावर लगेच एक्स्प्रेस-वेवर पळवायचं नाही. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला बसायला वेळ लागतो. सुरुवातीचे हजारेक किलोमीटर गाडी न रेटता, वेग कमी-जास्त करत चालवायची आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं. बांधलेलं इंजिन पहिल्या महिन्यात जसं वागवलं जातं, तसं ते पुढे साथ देतं.

मग निर्णय कसा घ्यायचा?

पाच प्रश्न क्रमाने विचारले तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

१. आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतो का? जुळत असेल तर ते इंजिन वाचवण्यासाठी जास्त धडपड करण्यात अर्थ आहे.

२. कार्ब्युरेटर, पॉइंट, टायमिंग नीट करून कॉम्प्रेशन टेस्ट केली का? नसेल तर बाकी चर्चा थांबवून आधी ती करायची.

३. उघडल्यावर ब्लॉक धड आहे का? धड असेल तर बोअर, नाहीतर लायनर, आणि इंजिन बांधायचं. फुटला किंवा मेन बेअरिंगच्या जागी तडकला असेल तर त्याच जातीचं दुसरं इंजिन, कागदांसह.

४. माप घेऊन काम करणारा माणूस मिळतोय का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तो मोठा आहे. टॅक्सी धावत होत्या तोवर पद्मिनीच्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं आणि तिच्या मिस्त्रींना रोजचं काम होतं. ते दोन्ही आता आटत चाललंय. इंजिन उतरवण्याआधी पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट सेट प्रत्यक्ष हातात घ्यायचे. नाहीतर गाडी वर्षभर पोटाविना गॅरेजमध्ये पडून राहते आणि तिचे सुटे भाग एकेक करत गायब होतात.

५. गाडी कशासाठी हवी आहे? महिन्यातून एका रविवारी फेरी मारायला आणि पुढच्या पिढीला द्यायला हवी असेल तर मूळ इंजिन बांधणं हेच शहाणपणाचं. रोज शंभर किलोमीटर जायचं असेल तर पद्मिनीत मोठं इंजिन टाकण्यापेक्षा त्या कामाला दुसरी गाडी घ्यावी, ते जास्त स्वस्त आणि जास्त सुरक्षित पडेल.

आणि कधी कधी याचं उत्तर 'आत्ता काहीच नको' असंही असतं. पैसे नाहीत, मिस्त्री मिळत नाही, भाग मिळत नाहीत, तर घाईने भलतं इंजिन टाकण्यापेक्षा गाडी नीट झाकून ठेवलेली बरी. टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायचं, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवायचं. असं जपलेलं इंजिन दोन वर्षांनीही बांधता येईल. भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलेला ब्लॉक मात्र परत मिळत नाही.